जुना बॉयलर: चालतोय तोवर चालवावा की आत्ताच बदलावा? (यूके)

टेम्सकाठी
नमस्कार मंडळी. यूकेत स्वतःचं घर असलेल्यांकडून सल्ला हवाय, भाड्याने राहणाऱ्यांनीही अनुभव लिहा.

आम्ही रीडिंगला राहतो. १९३० च्या दशकातलं सेमीडिटॅच्ड (एका बाजूने शेजाऱ्यांना जोडलेलं) घर, तीन बेडरूम, वर बाथरूम आणि खाली जिन्याखाली एक शॉवर. किचनच्या कोपऱ्यात जमिनीवर उभा कास्ट आयर्नचा गॅस बॉयलर आहे, घरातले रेडिएटर आणि नळाचं पाणी तोच तापवतो, आधीच्या मालकांनी १९९४ मध्ये बसवलेला, आत पायलटची ज्योत चोवीस तास तेवत असते. वर एअरिंग कपाटात (कपडे वाळवायच्या उबदार कपाटात) गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर, लॉफ्टमध्ये (छताखालच्या माळ्यावर) दोन टाक्या. दरवर्षी न चुकता सर्व्हिसिंग करून घेतो. परवा आलेला इंजिनिअर म्हणाला ज्योत निळी आहे, फ्लूचं (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) रीडिंग बरोबर आहे, चालतोय छान, पण याचे पार्ट आता बनत नाहीत, थर्मोकपल (पायलटची ज्योत चालू आहे का ते ओळखणारा भाग) कुठेही मिळेल, गॅस व्हॉल्व्ह गेला तर मात्र खेळ खल्लास, तेव्हा पुढच्या हिवाळ्याआधी बदलून टाका. इथवर पटलं. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या ऑफिसातून फोन की ३५ किलोवॅटचा कॉम्बी (सिलिंडरशिवाय पाणी तिथल्या तिथे गरम करणारा बॉयलर) बसवून देतो, या आठवड्यात होकार दिलात तर ३०० पाउंड कमी. तिथे माशी शिंकली.

वर्षाला साधारण १८,००० युनिट (किलोवॅट-तास) गॅस जळतो. डिसेंबरात सासूसासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत, सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे ऐन थंडीत घर गार पडलेलं अजिबात चालणार नाही. बदलायचा का, आणि बदलायचा तर कॉम्बी, की आहे तशीच सिलिंडरवाली सिस्टीम, की सरकार ७,५०० पाउंड देतंय तो हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारा)? नवरा म्हणतो चालतोय तर हात लावू नकोस.

गारठा
नवऱ्याशी सहमत. चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय? आम्ही लीड्सला आहोत, आमचा बॉयलर तुमच्यापेक्षा जुना आहे. त्यात पंखा नाही, सर्किट बोर्ड नाही, बिघडायला आहेच काय? एक थर्मोकपल बदललं, तेही किरकोळ पैशात. त्याच काळात शेजाऱ्यांनी दोन कॉम्बी बदलले. नवीन बॉयलरचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरतात. हे लोखंडी धूड तुम्हाला पुरून उरेल.

अबोली
गारठा, तुमचा बॉयलर चालतोय म्हणून असं म्हणता येतंय. आमचा असाच "चालतोय की" म्हणता म्हणता जानेवारीच्या बर्फात बंद पडला. मिल्टन कीन्समध्ये त्या आठवड्यात ज्याला फोन करावा तो म्हणे दहा दिवसांनी येतो. घरात सहा महिन्यांचं बाळ, दोन पंखेवाले हीटर आणून एका खोलीत सगळे झोपलो, आंघोळीचं पाणी किटलीत. जो पहिला यायला तयार झाला त्याने सांगितलेली किंमत मुकाट दिली, कुठला बॉयलर, किती मोठा, काही विचारायच्या मनःस्थितीतच नव्हतो. टेम्सकाठी, सासरे आजारी आहेत आणि आत्ता मार्च आहे, तुमच्याकडे अख्खा उन्हाळा आहे. थंडीत बंद पडला तर निवड तुमची राहत नाही, मला एवढंच म्हणायचंय.

मुळामुठा
पुण्यात बसून हा धागा वाचायला मजा येतेय. आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, पार्ट बनणं बंद होण्याचा प्रश्नच नव्हता, कल्हईवाला आला की काम झालं :)

गारठा
मुळामुठा, तुम्हीच खरे सुखी.

पाना_पक्कड
मी इमारतींच्या हीटिंगचं डिझाइन करतो (बर्मिंगहॅम), गॅसच्या कामाचं लायसन्स माझ्याकडे नाही, त्यामुळे बॉयलर उघडण्याबद्दल काही सांगणार नाही, हिशोब मात्र मांडून दाखवतो.

१८,००० युनिट गॅस, दर ढोबळमानाने ६ पेन्स, म्हणजे वर्षाला १,०८० पाउंड, स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरलेला आकार) वेगळा. त्या पिढीचा पायलटवाला बॉयलर ७० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालतो असं धरा, म्हणजे तुमच्या घराला प्रत्यक्षात मिळते ती १२,६०० युनिट उष्णता, बाकीची फ्लूमधून बाहेर जाते. नवीन कंडेन्सिंग बॉयलर (फ्लूतल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) नीट लावला तर ८८ टक्के धरू, मग तेवढ्याच उष्णतेला १४,३०० युनिट गॅस लागेल. बचत ३,७०० युनिट, म्हणजे सव्वादोनशे पाउंडांच्या आत. नवीन कॉम्बी बसवून घ्यायला तीन हजार पाउंड लागले तर नुसत्या गॅसच्या बचतीतून ते वसूल व्हायला तेरा-चौदा वर्षं लागतील आणि तोवर तो बॉयलरच म्हातारा होईल. त्यामुळे "बिल अर्धं होईल" असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पण म्हणून गारठा यांच्याशी सहमत आहे असं नाही. बिलापेक्षा सुरक्षितता, पार्ट मिळणं आणि घरातल्या माणसांची तब्येत यांवर बदलायचं ठरवावं. पार्ट मिळत नसताना आणि दम्याचा पेशंट घरात येणार असताना मी उन्हाळ्यात बदलेन.

आणि "नीट लावला तर" हे मुद्दाम लिहिलंय. रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच फ्लूतली वाफ आतल्या आत पाणी होऊन तिची उष्णता तुम्हाला मिळते. बसवणारे बरेचदा बॉयलर ७५-८० अंशांवर ठेवून निघून जातात. मग ते "कंडेन्सिंग" कागदावरच राहतं. ज्यांच्याकडे आधीच कॉम्बी आहे त्यांनी आज जाऊन रेडिएटरचं तापमान ६० किंवा त्याखाली आणून बघा, फुकटातलं काम आहे. मात्र सिलिंडर असेल तर साठवलेलं पाणी ६० पर्यंत तापलं पाहिजे, नाहीतर त्यात लीजनेला (फुप्फुसांचा आजार करणारा जिवाणू) वाढतो.

अबोली
पाना_पक्कड, आत्ता बघितलं, आमचा ७८ वर होता!! ५८ केला.

लेस्टरच्या_काकू
टेम्सकाठी, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

सिलिंडर काढायच्या आधी दहा वेळा विचार कर. आम्ही लेस्टरच्या घरात काढून कॉम्बी लावला. जागा मिळाली, टाक्या गेल्या, पाणी कितीही वेळ गरम येतं, सगळं खरं. पण एअरिंग कपाट थंड पडलं आणि माझं इडलीचं पीठ रुसलं. आधी रात्री सिलिंडरशेजारी पातेलं झाकून ठेवलं की जानेवारीतसुद्धा सकाळी पीठ झाकण उचलून वर यायचं, दही तर तिथे असं लागायचं की सुरीने कापावं. मुलांचे शाळेचे ओले मोजे, पंचे, सगळं तिथे वाळायचं. आता ओव्हनमधला दिवा लावून त्यात पीठ ठेवते, जमतं, पण ते सुख नाही.

दुसरं म्हणजे आंघोळ. आमच्याकडे ह्यांना बादली-तांब्याच लागतो. कॉम्बीवर बादली भरायला लावली आणि खाली कुणी भांडी घासायला गरम नळ सोडला की वरची धार बारीक. पाहुणे आले की रोज सकाळी जिन्यावरून ओरडाओरड. तुझ्याकडे सासूसासरे धरून माणसं वाढणार आहेत. आमच्या सिलिंडरला विजेचा इमर्शन हीटर होता, बॉयलर बंद पडला तरी आंघोळीला पाणी मिळायचं, ती सोयही गेली.

टेम्सकाठी
काकू, राग कसला! बादलीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, सासऱ्यांनाही शॉवर आवडत नाही. मोजे तर आत्ताही तिथेच वाळतायत.

पाना_पक्कड
काकूंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि ३५ किलोवॅटचं गौडबंगालही तेच. कॉम्बीचा तो मोठा आकडा नळाच्या पाण्यासाठी असतो, घर तापवायला नाही. धावतं पाणी तिथल्या तिथे गरम करायचं म्हणून एवढी ताकद लागते. ३० किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला बारा लिटरच्या आसपास पाणी देतो, तेही रस्त्यावरून घरात तेवढं पाणी येत असेल तर. टेम्सकाठी, किचनचा थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा, खाली बादली ठेवा आणि एका मिनिटात किती लिटर भरतात ते मोजा. दहाच्या आत आलं तर दोन ठिकाणी एका वेळी आंघोळ विसरा.

कोटेशन घेताना आणखी दोन गोष्टी विचारा. गॅसचा पाइप १५ मिलिमीटरचा असेल तर कॉम्बीसाठी बरेचदा २२ चा टाकावा लागतो, तो खर्च धरलाय का? आणि आत्ताची तुमची सिस्टीम लॉफ्टच्या टाकीवर चालते, कॉम्बीत ती सीलबंद होऊन १ ते १.५ बार दाबावर येते, जुन्या रेडिएटरचा एखादा सांधा तेव्हा गळायला लागतो, ते कोण निस्तरणार?

बदलापूर_ते_बोल्टन
गॅसवरच चर्चा चाललीये म्हणून लिहितो, आम्ही हीट पंप लावलाय. घर १९६० च्या आसपासचं, पोकळ भिंतींत इन्सुलेशन आधीपासून होतं. ७,५०० ची ग्रँट बसवणाऱ्यानेच अर्ज करून मिळवली आणि बिलातून वजा केली, आपल्याला अर्ज करावा लागत नाही, फक्त तो एमसीएस (हीट पंप बसवणाऱ्यांचा दर्जा प्रमाणित करणारी योजना) प्रमाणित असायला हवा. व्हॅट पण शून्य आहे, मार्च २०२७ पर्यंत, गॅस बॉयलरवर वीस टक्के लागतो. तरीही आमच्या खिशातून साडेचार हजार गेले, कारण पाच रेडिएटर मोठे करावे लागले आणि नवीन सिलिंडर.

राहायला कसं वाटतं ते सांगतो. रेडिएटर हाताला कोमट लागतात, पहिल्यांदा आई आली तेव्हा हात लावून म्हणाली अरे हे बंद आहे. पण घर सकाळी सहाला आणि रात्री अकराला सारखंच उबदार असतं. आधी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास भट्टी पेटायची आणि मध्ये गारठा, ते गेलं. चालू-बंद करत बसायचं नाही, त्याला हळूहळू दिवसभर चालू द्यायचं, हे घरच्यांना पटवायला एक हिवाळा गेला.

टेम्सकाठी, तुमचं घर चालेल का ते बघायचं असेल तर सोपी परीक्षा आहे. बॉयलरचं तापमान ५० वर आणा आणि थंडीच्या दिवशी घर गरम राहतं का बघा.

पाना_पक्कड
थांबा थांबा. ही परीक्षा कंडेन्सिंग बॉयलरवर करायची, टेम्सकाठींच्या कास्ट आयर्नच्या बॉयलरवर नको. त्यात परतीचं पाणी फार थंड आलं की धुरातलं आम्लयुक्त पाणी लोखंडावर साचतं आणि तो आतून गंजतो. त्या बॉयलरला गरमच चालवायचं असतं. एखाद्या दिवसाने आभाळ कोसळणार नाही, पण तीस वर्षं टिकलेल्याला आता कशाला त्रास?

त्यापेक्षा मीटर वाचा. थंडीच्या एका दिवशी सकाळी आणि बरोबर चोवीस तासांनी गॅस मीटरचं रीडिंग घ्या, घर त्या दिवशी नेहमीसारखं उबदार ठेवा, बाहेरचं सरासरी तापमान लिहून ठेवा. घनमीटरला ११.२ ने गुणलं की युनिट. जुना मीटर घनफुटांत असेल तर शंभर घनफुटांचे साधारण ३१.७ युनिट. मग त्याचे ७० टक्के, भागिले २४. झाला तुमच्या घराचा त्या दिवसाचा उष्णतेचा तोटा किलोवॅटमध्ये. विक्रेता जे सांगेल त्यापेक्षा हा आकडा जास्त खरा, कारण तो तुमच्या घरातून निघालाय.

बदलापूर_ते_बोल्टन
हे माहीत नव्हतं, धन्यवाद पाना_पक्कड. आमचा आधीचा बॉयलर कंडेन्सिंग होता म्हणून चाललं.

गारठा
हीट पंपवाल्यांनी एक सांगा. गॅस ६ पेन्स, वीज २६ पेन्स, चौपटीहून जास्त. मग बिल कमी कसं होणार?

पाना_पक्कड
रास्त प्रश्न. पंप एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, वर्षाच्या सरासरीने तीन ते चार युनिट उष्णता देतो. टेम्सकाठींना हवीये १२,६०० युनिट उष्णता. सरासरी ३ मिळाली तर वीज ४,२००, म्हणजे १,०९२ पाउंड, जुन्या बॉयलरएवढंच. ३.५ मिळाली तर ३,६०० युनिट, ९३६ पाउंड. ४ मिळाली तर ८१९. नवीन गॅस बॉयलर नीट चालवला तर ८५८. म्हणजे जुन्या बॉयलरशी तुलना केली तर ३ ला बरोबरी होते, नव्याशी केली तर ३.८ लागतात. हीट पंपासाठी दिवसातले काही तास स्वस्त वीज देणारे टॅरिफ आहेत, ते घेतलं तर चित्र आणखी सुधारतं. आणि ३ मिळणार की ४ हे पंपापेक्षा डिझाइनवर ठरतं, रेडिएटर पुरेसे मोठे असले आणि पाणी ४५ वर पुरलं तर ४ च्या जवळ जाल, ५५ लागलं तर नाही.

गॅस पूर्ण बंद केला तर त्याचा स्टँडिंग चार्ज वाचतो, दिवसाला ३० पेन्सच्या आसपास, वर्षाला शंभरेक पाउंड.

लेस्टरच्या_काकू
गॅस पूर्ण बंद? आणि फुलके?

मुळामुठा
आणि भरताचं वांगं?

गारठा
भाकरी! ज्वारीची भाकरी इंडक्शनवर कुणी फुगवून दाखवावी, मी बोल्टनला जेवायला येतो.

बदलापूर_ते_बोल्टन
या की! इंडक्शनवर लोखंडी तवा बसतो, भाकरी पाठीवर पाणी लावून टाकायची, उलटायची आणि दुसऱ्या बाजूने झाली की ग्रिलखाली धरायची, अगदी टम्म फुगते. वांगं ग्रिलखाली चांगलं अर्धा तास लागतं आणि धुराचा वास येत नाही हे कबूल आहे, त्यासाठी बागेत कोळशाची शेगडी. फुलके ग्रिलवरच.

अबोली
माझ्या सासूबाई इंडक्शनवर महिनाभर चिडल्या आणि आता दूध ऊतू जात नाही म्हणून खूश आहेत. बॉयलरकडे वळा मंडळी.

श्टुटगार्टकर
जर्मनीतला अनुभव. इथे "चालतोय तोवर चालवा" हे कायद्यातच अडतं. जुन्या पद्धतीच्या, कायम एकाच तापमानावर चालणाऱ्या बॉयलरला तीस वर्षं झाली की तो बदलावाच लागतो. कंडेन्सिंग आणि कमी तापमानाच्या बॉयलरना सूट आहे, आणि फेब्रुवारी २००२ च्या आधीपासून स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनाही. घर विकलं की मात्र नव्या मालकाला दोन वर्षांत बदलावा लागतो. लक्ष ठेवायला शोर्नस्टाइनफेगर, म्हणजे धुराड्यांची तपासणी करणारा, काळा पोशाख घालून घरी येतो, त्याच्याकडे प्रत्येक घराची नोंद असते. आम्ही घर घेतलं तेव्हा बॉयलर १९८९ चा होता, आल्या आल्या त्याने पाटी वाचून सांगितलं की हा जाणार. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं झालं, आम्ही आमच्या मनाने कधीच बदलला नसता.

गारठा
यूकेतही बंदी येणार होती ना २०३५ पासून?

पाना_पक्कड
ती फक्त नवीन गॅस बॉयलर बसवण्याबद्दल होती, लोकांच्या घरातला चालता बॉयलर काढून नेणार असं कधीच कुणी म्हटलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक सरकारने तेही सैल केलं. "बंदी येतेय, आत्ताच घ्या" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

ढगाळ_हवा
मी इथे फक्त वाचत असते, पण कार्बन मोनॉक्साइडबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

आम्ही भाड्याच्या घरात होतो. नोव्हेंबरात आईबाबा आले. आईला रोज सकाळी डोकं दुखायचं, मळमळायचं, आम्ही म्हणत होतो प्रवासाचा शीण, थंडी, पित्त. बाहेर फिरायला गेलो की तिला बरं वाटायचं, घरी आलो की पुन्हा. तिची खोली बॉयलरच्या भिंतीला लागून होती. मैत्रीण घरी आली होती, तिने बॉयलरच्या झाकणाभोवतीचे तपकिरी-काळे डाग बघितले आणि ज्योत पिवळी, डगमगणारी. तिने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, बॉयलर बंद केला आणि ०८०० १११ ९९९ ला फोन केला, हा गॅसच्या आणीबाणीचा नंबर आहे, चोवीस तास. त्यांनी येऊन गॅस तोडला आणि "तात्काळ धोकादायक" असं लेबल लावून गेले. आईची रक्ततपासणी केली तर कार्बन मोनॉक्साइड सापडला. ती बरी झाली. पण अजून एक-दोन आठवडे आम्ही पित्ताच्या गोळ्या देत राहिलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

या गॅसला वास नसतो. टेम्सकाठी, बॉयलर बदला नाहीतर नका बदलू, आज अलार्म आणा, वीस पाउंडांत येतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या भाड्याच्या खोलीत घरमालकाने तो लावणं सक्तीचं आहे, स्वतःच्या घरात जुना बॉयलर असेल तर कुणी विचारायला येत नाही, म्हणून आपणच लावायचा. आणि गॅसचं काम करायला येणाऱ्याचं गॅस सेफचं (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं) कार्ड मागायचं, मागच्या बाजूला त्याला कुठलं काम करता येतं ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

गारठा
ढगाळ_हवा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमचा अलार्म आहे, पण त्यावरची मुदत बघितली नव्हती, आत्ता जाऊन बघितली, संपलीये. उद्या नवीन आणतो.

अबोली
+१. मुदतीचं फार जणांना माहीत नसतं. घरात सगळ्यांनी बघा.

लेस्टरच्या_काकू
अंगावर काटा आला गं. आईला नमस्कार सांग.

कंडेन्सिंग बॉयलरचं एक सांगायचं राहिलं. त्याच्यातून पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून सतत थोडं पाणी बाहेर जातं. तो पाइप बाहेरच्या भिंतीवरून गेला असेल तर कडाक्याच्या थंडीत गोठतो आणि बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद, आणि नेमका सगळ्यात थंड दिवशी. २०१८ च्या मार्चमध्ये, ते पूर्वेकडचं वादळ आलं होतं तेव्हा, आमच्या अख्ख्या गल्लीत लोक किटली घेऊन बाहेर उभे होते. उकळतं नाही ओतायचं, कोमट-गरम ओतायचं, नाहीतर पाइप तडकतो. बसवतानाच सांग की पाइप घरातल्या घरात सिंकच्या ड्रेनला जोडा, बाहेर न्यायचाच असेल तर जाड, ३२ मिलिमीटरचा, वर गुंडाळी लावून.

ग्रॅनाइट_सिटी
अबर्डीनहून. स्कॉटलंडमधल्यांसाठी: ते ७,५०० इंग्लंड-वेल्सचं आहे, आपल्याकडे होम एनर्जी स्कॉटलंडची वेगळी योजना आहे, ७,५०० ग्रँट, ग्रामीण भागात १,५०० जास्त, वर बिनव्याजी कर्जही मिळतं. मंजुरीचं पत्र येईपर्यंत कामाची ऑर्डर द्यायची नाही, दिली तर पैसे मिळत नाहीत.

टेम्सकाठी
केवढं लिहिलंय सगळ्यांनी! ढगाळ_हवा, अलार्म त्याच संध्याकाळी आणला, बॉयलरच्या खोलीत एक आणि वरच्या बेडरूममध्ये एक.

गृहपाठ केलाय. बादली: मिनिटाला नऊ लिटर. म्हणजे कॉम्बी बाद, नवऱ्यालाही बादली हातात देऊन दाखवलं तेव्हा पटलं. मीटर: गेल्या आठवड्यात रात्री दव गोठलं तो दिवस धरला, बाहेरची सरासरी ३ अंश, घर २०. चोवीस तासांत १७ घनमीटर.

पाना_पक्कड
१७ गुणिले ११.२ म्हणजे १९० युनिट, त्याचे ७० टक्के १३३, भागिले २४ म्हणजे साडेपाच किलोवॅट, त्यात नळाचं गरम पाणीही आलं. हे १७ अंशांच्या फरकाला. बाहेर उणे ३ असेल तर फरक २३ अंशांचा, म्हणजे साडेसात किलोवॅट. आणि तुम्हाला विकत होते ३५!

म्हणजे ८ किलोवॅटचा हीट पंप पुरेल, आणि गॅसच राहायचं ठरवलं तर बाजारातल्या सर्वात लहान सिस्टीम बॉयलरने (सिलिंडरसोबत चालणाऱ्या) भागेल. रेडिएटरचे पाइप किती जाडीचे आहेत? सत्तर-ऐंशीच्या दशकात काही घरांत ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक तांब्याचे पाइप टाकलेत, ते असतील तर हीट पंपाचं अवघड होतं.

टेम्सकाठी
१५ चे आहेत, मुख्य पाइप २२ चा. लॉफ्टमध्ये इन्सुलेशन जेमतेम शंभर मिलिमीटर दिसतंय, भिंतीत काही भरलंय का माहीत नाही.

पाना_पक्कड
मग लॉफ्ट आधी. २७० पर्यंत न्या, सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि ते केलं की साडेसातचा आकडा आणखी खाली येईल. भिंतीचं सर्व्हेयरकडून तपासून घ्या, तीसच्या दशकातल्या घरांना बरेचदा पोकळ भिंत असते पण पाऊस थेट आदळणाऱ्या बाजूला ती भरताना जपून. हीट पंपाच्या कोटेशनमध्ये प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब असला पाहिजे, तो न करता नुसतं घर बघून आकडा सांगणाऱ्याला नको घेऊ.

बदलापूर_ते_बोल्टन
आणि कोणत्या तापमानावर डिझाइन केलंय ते लेखी घ्या. आम्हाला पहिल्याने ५५ वर दिलं होतं, दुसऱ्याने ४५ वर, रेडिएटरचे पैसे जास्त घेतले पण बिलात फरक पडतोय. बाहेरचं युनिट शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर येणार नाही हेही बघा, आवाज फ्रिजसारखा आहे, पण रात्री तोही कानात बसतो.

गारठा
म्हणजे शेवटी बदलणार? माझं मत मी थोडं बदलतो: गॅस व्हॉल्व्ह मिळत नसेल आणि घरात दम्याचं माणूस असेल तर बदला. माझ्या घरी तसं कुणी नाही, पार्ट मिळतायत, मी चालवणार.

टेम्सकाठी
हो, ठरलं. लॉफ्ट एप्रिलमध्ये. हीट पंपाची दोन कोटेशन एमसीएसवाल्यांकडून, एक सिस्टीम बॉयलरचं, तिन्ही मेअखेरपर्यंत हातात आली की निवडणार, काम ऑगस्टमध्ये. तोवर जुना आहे तसाच चालू. ग्रँटनंतर आमच्या खिशातून जाणारा आकडा पाच हजारांच्या आत असेल तर हीट पंप, नाहीतर गॅस. सिलिंडर दोन्हींत राहतोय, काकू, पीठ वाचलं! गॅसची शेगडी सध्या राहू देतोय, सासूबाईंना पहिल्याच फेरीत इंडक्शनचा धक्का नको.

३०० पाउंडवाल्यांचा पुन्हा फोन आला होता. घराचा हिशोब करून द्याल का विचारलं, म्हणाले त्याची गरज नसते. मग मीही नको म्हटलं.

ग्रॅनाइट_सिटी
उत्तम. काम झाल्यावर कागद विसरू नका. गॅस बॉयलर बसवला तर बसवणाऱ्याने तीस दिवसांत गॅस सेफकडे नोंद करायची असते, मग इंग्लंड-वेल्समध्ये बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट पोस्टाने घरी येतं. हीट पंप असेल तर एमसीएस सर्टिफिकेट, आणि वीजवितरण कंपनीला कळवल्याची प्रत. माझ्या भावाने वॉटफर्डचं घर विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने पहिला हाच कागद मागितला, आणि बसवणारा तोवर धंदा बंद करून गेला होता. आणि वॉरंटी दहा-बारा वर्षांची असली तरी दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची नोंद नसेल तर ती देत नाहीत, तेव्हा प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवा.

टेम्सकाठी
नोंद केली. कोटेशन आली की इथेच टाकते, पाना_पक्कड आणि बोल्टनकर, तेव्हा पुन्हा डोकं खाणार आहे तुमचं.